गणपतीत आरोग्याचं टेबल आणि गडचिरोलीच्या रुग्णालयाला मदत: नेमकं कसं करावं?

थेम्सकाठ
नमस्कार मंडळी. इंग्लंडमधलं मध्यम आकाराचं मराठी मंडळ, नोंदणीकृत चॅरिटी. यंदाच्या गणेशोत्सवासाठी कमिटीत दोन गोष्टी ठरल्या आहेत.

१. हॉलमध्ये स्वयंसेवकांचं आरोग्य टेबल. रक्तदाब, बोटातून साखर, वजन-उंची. सभासदांत दोन नर्स आणि एक फार्मासिस्ट आहेत.
२. त्याच दिवशी निधी गोळा करून गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणीसाठी पाठवायचा. कमिटीतल्या काहींचं म्हणणं, पैसे नकोत, मशीनच घेऊन द्यावं.

प्रश्न: टेबलावर काय ठेवावं, काय नको? पैसे कायदेशीर मार्गाने कसे जातात? मशीन की पैसे? जाणकारांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

नाचणीसत्व
स्तुत्य उपक्रम. पण आरतीनंतर प्रसादाच्या रांगेशेजारी साखर तपासणार? वाचूनच माझी वाढली. :)

गोळी_पुडी
नाचणीसत्व गमतीत बोलून गेलेत, पण खरा घोळ तिथेच होतो. मोदक किंवा पेढा खाल्लेल्या बोटाला कितीही पुसलं तरी साखरेचा पातळ थर राहतो. मीटरला रक्ताचा जेमतेम थेंब लागतो, त्यात ही साखर मिसळली की ६ चा आकडा (मिलीमोल प्रति लिटर, इथलं माप) १२ दिसू शकतो. हँड सॅनिटायझरने साखर जात नाही, नुसती पसरते. कोमट पाणी, साबण आणि पूर्ण कोरडं बोट हवं. ओलं राहिलं तर उलटी चूक, रक्त पातळ होऊन आकडा खाली येतो. हॉलचं बेसिन टेबलापासून लांब असेल तर लोक हात धुवून येता येता वाटेत पुन्हा काहीतरी उचलतात.

माझं मत, बोट टोचूच नका. इंग्लंडमध्ये मधुमेहाचं निदान बहुधा एचबीए१सीवर, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्तचाचणीवर होतं. ४२ ते ४७ (मिलीमोल प्रति मोल) असेल तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ४८ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. लक्षणं नसतील तर पुन्हा चाचणी करून खात्री करतात. बोटातली साखर त्या क्षणाची. जेवणानंतर ८.५ आली तर त्या माणसाला सांगणार काय? "चांगलं आहे"? तो समाधानाने घरी जाईल आणि पुढची तीन वर्षं जीपीकडे (इथला फॅमिली डॉक्टर) फिरकणार नाही. खोटा दिलासा भीतीपेक्षा वाईट.

कोपरखळी
असहमत. टोचणं काढलंत तर टेबलापाशी कुणी थांबणार नाही. कागदावरच्या प्रश्नांसाठी आपला माणूस रांग लावत नाही, मशीन दिसलं की लावतो.

गोळी_पुडी
@कोपरखळी, मग रक्तदाबाचं मशीन दाखवा, तेही मशीनच आहे. साखरेसाठी डायबिटीस यूके आणि लेस्टरच्या विद्यापीठाने मिळून केलेली प्रश्नावली वापरा. सात प्रश्न: स्त्री की पुरुष, वय, वंश, घरात कुणाला मधुमेह, कमरेचा घेर, बीएमआय, रक्तदाब. गुण ० ते ४७. सहापर्यंत धोका कमी, ७ ते १५ वाढलेला, १६ ते २४ मध्यम, २५ च्या पुढे जास्त.

उदाहरण करून बघा. ५२ वर्षांचे गृहस्थ. पुरुष म्हणून १, पन्नाशीतले म्हणून ५, दक्षिण आशियाई म्हणून ६, आईला मधुमेह म्हणून ५. झाले १७. अजून टेप काढलेली नाही, वजनकाट्यावर उभे राहिलेले नाहीत, तरी "जीपीला भेटून रक्त तपासा" या गटात पोचले. हे गणित माणसाच्या डोळ्यांदेखत मांडलं की सुईपेक्षा जास्त लागतं. शिवाय यात ना धारदार कचरा, ना पट्ट्यांची मुदत, ना रक्ताचा संसर्ग.

कोपरखळी
१७ चं गणित पटलं. सासऱ्यांवर करून बघतो, आधी टेप लपवून. :)

वडाची_पारंबी
टेपवरून आठवलं. कमरेचा घेर म्हणजे पँटचा पट्टा बांधतो ती जागा नव्हे, परकराची नाडी बांधतो तीही नव्हे. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक, यांच्या बरोबर मधोमध टेप. श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचायचा. पोट आत ओढणाऱ्यांना गप्पांत गुंतवा. आपल्या लोकांसाठी पुरुष ९० सें.मी. आणि बायका ८० सें.मी. ही धोक्याची रेषा. बीएमआयचंही तसंच. इथल्या सरकारी भिंतपत्रकांवर २५ आणि ३० लिहिलेलं असतं, पण दक्षिण आशियाई लोकांसाठी नाइसने (इथली उपचारांचे निकष ठरवणारी सरकारी संस्था) २३ आणि २७.५ धरायला सांगितलं आहे. तक्ता छापताना हा वेगळा छापा, नाहीतर २४ वाला खुशीत गुलाबजाम घेईल.

साडीवरून माप घेऊ नका. आडोशाला पडदा आणि तिथे बाईच स्वयंसेवक हवी. नसेल तर घरी माप घ्यायची चिठ्ठी द्या. भर हॉलात "वहिनी, एकशे चार" असं ओरडणारा उत्साही तरुण प्रत्येक मंडळात असतो, त्याला वाढपाला लावा.

जर्सीकर
अमेरिकेतल्या वाचकांसाठी. इथे कार्यक्रमात बोट टोचून त्या व्यक्तीला तिचा आकडा सांगितला की तुम्ही कायद्याने प्रयोगशाळा झालात. क्लिया या प्रयोगशाळांच्या कायद्याखालचं 'सर्टिफिकेट ऑफ वेव्हर' (साध्या चाचण्यांसाठीचं प्रमाणपत्र) लागतं, त्यासाठी सीएमएस-११६ फॉर्म आणि फी. काही राज्यांचे नियम याहून कडक. बरेचदा मंडळं स्थानिक रुग्णालयाच्या किंवा फार्मसीच्या पथकाला बोलावतात, त्यांच्याकडे ते सर्टिफिकेट असतंच. एडीएचा (अमेरिकन डायबिटीस असोसिएशन) एचबीए१सीचा उंबरठाही वेगळा, ५.७ ते ६.४ टक्के. आशियाई अमेरिकनांना बीएमआय २३ पासून तपासा असं तेही म्हणतात.

हिशेबनीस
पैशांचं मी लिहितो. तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि लोक त्या एकात कालवतात: इथे गोळा करणं, इथून पाठवणं, तिथे स्वीकारणं.

गोळा करणं. मंडळ चॅरिटी असेल आणि एचएमआरसीकडे (ब्रिटिश करखातं) नोंद असेल तर गिफ्ट एड घ्या. देणाऱ्याच्या प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स सरकारकडून. अट अशी की देणाऱ्याने तेवढा कर भरलेला असावा आणि त्याचं डिक्लेरेशन हवं, त्यात नाव, घर क्रमांक, पोस्टकोड. "जोशी, वेम्बली" एवढ्यावर दावा बसत नाही. जेवणाचं तिकीट, लॉटरी, लिलाव यांवर गिफ्ट एड नाही, कारण बदल्यात काहीतरी मिळतं.

दानपेटीत पडलेल्या रोकडीसाठी निराळी योजना आहे, गिफ्ट एड स्मॉल डोनेशन्स. ३० पौंडांपर्यंतची रोख किंवा कॉन्टॅक्टलेस देणगी, नाव-पत्ता लागत नाही, वर्षाला ८,००० पौंडांपर्यंतच्या रकमेवर २,००० पर्यंत मिळतात. मात्र त्याच वर्षी नेहमीचा गिफ्ट एडचा दावाही केलेला हवा, आणि छोट्या देणग्या त्या दाव्यातल्या देणग्यांच्या दहापटीपेक्षा जास्त धरता येत नाहीत. नेहमीच्या गिफ्ट एडवर फक्त १०० पौंड दाखवले तर छोट्या देणग्यांतले १,००० च मोजले जातात. म्हणून डिक्लेरेशनचा कंटाळा करू नका. आणि पेटीतले पैसे बँकेत भरावेच लागतात. त्यातून केटररला रोख दिली की तेवढ्यांवरचा दावा गेला.

अजून एक. पेटीवर नुसतं "गडचिरोली सिकलसेल तपासणी" लिहिलंत तर ते पैसे त्याच कामाला बांधले जातात. ट्रस्टचा परदेशी देणगी घ्यायचा परवाना मधेच अडकला तर तुम्ही ते ना तिकडे पाठवू शकता, ना इथे खर्चू शकता. त्याखाली बारीक अक्षरात दुसरं वाक्य हवं: "हे शक्य न झाल्यास किंवा रक्कम जास्त झाल्यास महाराष्ट्रातील ग्रामीण आरोग्याच्या कामासाठी वापरली जाईल." कमिटीत ठराव करून इतिवृत्तात नोंदवा.

खडूस_काका
केवढा तो घोळ! मे महिन्यात कुणीतरी देशात जातंच. त्याच्या हाती पैसे द्या, तो तिथे रुपयांत देईल आणि पावती आणेल. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय.

हिशेबनीस
काका, वर्षानुवर्षं चालत आलं तरी अडचणीत ट्रस्ट येतो, तुम्ही नाही. दुसरी-तिसरी पायरी एकदमच सांगतो.

भारतातल्या संस्थेला परदेशी पैसा घ्यायचा तर एफसीआरए २०१० (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या 'एफसीआरए खात्यात'च उतरला पाहिजे. तिथून ट्रस्ट आपल्या गावच्या खात्यात वापरायला नेऊ शकतो. तुम्हाला चामोर्शीच्या किंवा धानोऱ्याच्या शाखेचा खाते क्रमांक दिला तर तिथे थेट पाठवू नका.

आता काकांचा मुद्दा. पैसा रुपयांत दिला म्हणून देशी होत नाही. देणारा कोण, हे बघतात. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी नाही, ट्रस्टच्या साध्या खात्यात चालते. ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) असेल तर परदेशी. आणि मंडळ ही ब्रिटिश संस्था, त्यामुळे देणारे शंभर टक्के भारतीय पासपोर्टवाले असले तरी मंडळाच्या खात्यातून गेलेला पैसा परदेशीच.

थोडक्यात दोन वाटा. भारतीय पासपोर्टवाल्यांनी आपापल्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून (अनिवासींची भारतातली बँक खाती) थेट द्यावं, सोबत पासपोर्टची प्रत. ८०जीची (देणगीवरच्या करसवलतीची) पावती मिळते, पण भारतात करपात्र उत्पन्न असेल आणि जुनी करप्रणाली निवडली असेल तरच तिचा उपयोग. बाकीच्यांनी मंडळामार्फत एफसीआरएच्या वाटेने. पहिल्या वाटेवर गिफ्ट एड मिळत नाही, एवढं लक्षात ठेवा.

थेम्सकाठ
हे फारच उपयोगी. ट्रस्टचा परवाना चालू आहे हे कसं तपासायचं? आणि त्यांनी ते पैसे शेजारच्या तालुक्यातल्या छोट्या संस्थेला थोडे दिले तर चालेल का?

हिशेबनीस
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठामपणे 'चालणार नाही'. २०२० पासून एफसीआरएचा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, ती संस्था नोंदणीकृत असली तरी. दोन संस्थांना द्यायचं तर दोन स्वतंत्र व्यवहार.

तपासणी: नोंदणी क्रमांक आणि प्रमाणपत्राची प्रत मागा, गृह मंत्रालयाच्या एफसीआरए संकेतस्थळावर ताडून बघा. नोंदणी पाच वर्षांची असते, संपायच्या आधीच्या सहा महिन्यांत नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. तारीख जवळ आली असेल तर अर्जाची पोच मागा. मागच्या वर्षीचा एफसी-४ (परदेशी देणग्यांचा वार्षिक हिशेब) मागा, तो आर्थिक वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत भरायचा असतो. चांगली संस्था हे सगळं न कुरकुरता एका ईमेलमध्ये पाठवते.

पाठवताना लाभार्थीचं नाव प्रमाणपत्रावर आहे तसंच्या तसं. 'ट्रस्ट'च्या जागी 'फाउंडेशन' झालं की पैसे लटकतात. मधल्या बँकेचा खर्च कुणी सोसायचा हे आधी ठरवा, नाहीतर ५,००० पाठवून ४,९७० पोचतात आणि दोन्हीकडच्या हिशेबनिसांची झोप उडते. पाठवल्यावर उद्देश लिहिलेलं पत्र ट्रस्टला ईमेल करा, बँक त्यांच्याकडे देणाऱ्याचं नाव, पत्ता आणि कारण विचारते. आणि ब्रिटिश बाजूने मंडळाने हे पैसे धर्मादाय कामालाच गेले याची वाजवी खात्री केल्याचे कागद जपून ठेवायचे, एचएमआरसी विचारू शकतं.

जर्सीकर
अमेरिकेत एक फरक. ५०१(सी)(३) संस्थेला, म्हणजे करमुक्त चॅरिटीला, नुसती पाइप होता येत नाही. "माझे हजार डॉलर अमुक ट्रस्टलाच द्या" असं देणाऱ्याने बांधून घातलं आणि बोर्डाने डोळे मिटून पुढे ढकललं तर करसवलत धोक्यात. बोर्डाने प्रकल्प स्वतः तपासून मंजूर केलेला हवा आणि नकार द्यायचा अधिकार राखलेला हवा. वर्षात परदेशी अनुदानं किंवा तिकडचं काम १०,००० डॉलरच्या वर गेलं तर फॉर्म ९९० (संस्थेचं वार्षिक विवरणपत्र) सोबत शेड्यूल एफ जोडावं लागतं.

विदर्भी_ऊन
आता मशीनबद्दल. जरा लांब लिहितो, कारण सगळे इथेच फसतात.

सिकलसेल तपासणीचे दोन टप्पे. पहिला विद्राव्यतेची चाचणी. बोटातल्या रक्ताचे थोडे थेंब अभिकारकात (चाचणीच्या रसायनात) टाकायचे आणि काही मिनिटांनी नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसतात का बघायचं. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणामुळे दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह. स्वस्त, शाळेच्या व्हरांड्यात होते. पण ही चाचणी वाहक (एएस) आणि रुग्ण (एसएस) यांत फरक करत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात चुकते, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन अजून भरपूर असतं. हिमोग्लोबिन फार कमी असेल तरी चुकते.

दुसरा टप्पा इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्या. तुमच्या कमिटीच्या डोळ्यांसमोर असलेलं मशीन हेच असणार. मशीन येतं, फीत कापली जाते, फोटो निघतो. मग काय होतं? त्यातला कॉलम नावाचा भाग ठराविक नमुन्यांनंतर संपतो. बफर आणि कॅलिब्रेटर (मशीनला लागणारी द्रावणं) त्याच कंपनीचे लागतात, काही फ्रिजमध्ये ठेवावे लागतात. पावसाळ्यात वीज गेली आणि फ्रिज तापला की बॉक्स फेकायचा. स्टॅबिलायझर आणि यूपीएस नसेल तर व्होल्टेजच्या चढउतारात बोर्ड जातो. वॉरंटी संपली की देखभालीचा वार्षिक करार, आणि इंजिनिअर येणार नागपूरहून. ते मशीन चालवणारी तंत्रज्ञ मुलगी दोन-तीन वर्षांत शहरात जाते, कारण पगार प्रकल्पाचा, प्रकल्प संपला.

ज्यांना एसएस निघाला त्यांचं पुढे काय? हायड्रॉक्सीयुरिया हे औषध रोज, खंड न पडता. त्यासाठी ठराविक काळाने रक्तपेशींची तपासणी, कारण पांढऱ्या पेशी उतरतात. लहान मुलांना पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन, न्यूमोकॉकलची लस. ताप आला की त्याच दिवशी दवाखाना. पाणी भरपूर, थंडीत अंग झाकणं. हे सांगायला गावात पुन्हा पुन्हा जाणारी आशाताई किंवा आरोग्यसेवक लागतो. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, त्यातून किट आणि गोळ्या येतात. त्यामुळे ट्रस्टला आधी विचारा की सरकारी पुरवठ्यात नेमकी फट कुठे आहे. बहुतेक वेळा उत्तर 'मशीन' नसतं. तंत्रज्ञाचा पगार, गाडीचं डिझेल, समुपदेशक, असं काहीतरी निघतं.

कोपरखळी
पगाराला पैसे दिले की सभासद कुरकुरतात. "आमचे पैसे पगारात गेले" म्हणतात.

हिशेबनीस
त्यांना हे दाखवा. एफसीआरएमध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० मध्ये ५० वरून २० टक्क्यांवर आणली. पण रुग्णालयाच्या डॉक्टरांचा, शाळेच्या शिक्षकांचा पगार अशा थेट कामाच्या खर्चाला नियमातच प्रशासकीय खर्चातून वगळलंय. कायद्यालाही तो पगार म्हणजे कामच वाटतं.

नाचणीसत्व
जुने चष्मे, उरलेली औषधं, कुबड्या गोळा करून पाठवायची एक टूम दरवर्षी निघते, तिच्याबद्दल कुणीतरी लिहा. कंटेनर भरायला सगळे तयार असतात.

गोळी_पुडी
औषधं: सपशेल नाही. रुग्णाच्या घरून परत आलेलं औषध इथली फार्मसीही दुसऱ्याला देत नाही, ते कसं साठवलं होतं कुणाला ठाऊक? डब्ल्यूएचओच्या मार्गदर्शनाप्रमाणे दान केलेल्या औषधाची मुदत पोचल्यावर किमान वर्षभर उरलेली हवी, आणि ते तिथल्या यादीत असलेलं, तिथल्यांनी मागितलेलं हवं. भारतात जेनेरिक औषधं इथल्यापेक्षा कितीतरी स्वस्त. इथून भारतात औषध पाठवणं म्हणजे कोकणात नारळ नेणं.

चष्मे: प्रत्येकाचा नंबर मोजायचा, धुवायचा, जोडी लावायची. त्यात ओरखडे नसलेले आणि कुणाच्या तरी डोळ्याला जुळणारे थोडेच उरतात. डावा-उजवा नंबर वेगळा असेल तर तेही नाही. त्याच पैशांत तिथे नवीन चष्मा बनतो.

विदर्भी_ऊन
उपकरणांबाबत: वापरलेली वैद्यकीय उपकरणं भारतात आणण्यावर कडक निर्बंध आहेत, बंदरात अडकली की रोज भाडं चढतं आणि ते ट्रस्टच्या बोकांडी. अमेरिकेतलं ११० व्होल्टचं मशीन २३० वर लावलं तर धूर. वस्तूसुद्धा परदेशी देणगीतच मोजल्या जातात, त्यामुळे "पैसे नाहीत, एफसीआरए नको" हाही भ्रम.

खडूस_काका
बरं, पैसे बँकेतून पाठवा, मानलं. पण मला मुळातच कळत नाही, गडचिरोलीच का? इथल्याच हॉस्पिसला (अखेरच्या आजारातल्यांची काळजी घेणारी संस्था) द्या. आपली म्हातारी माणसं उद्या तिथेच जाणार.

वडाची_पारंबी
काकांचा हा प्रश्न वाजवी आहे. दोन पेट्या ठेवा, लोकांना निवडू द्या. इथल्या संस्थेला द्यायला एफसीआरए लागत नाही, हिशेबनिसांचा आठवडा वाचेल. फक्त दोन्ही पेट्यांवर चॅरिटीचं नाव आणि क्रमांक हवा, सील हवं, आणि मोजताना एकमेकांच्या नात्यात नसलेले दोघे. हॉलबाहेर रस्त्यावर पेटी घेऊन उभं राहायचं असेल तर काउन्सिलचा परवाना लागतो.

लिमलेट
रक्तदाबावर कुणी लिहिलंच नाही. मी सुरू करते, नर्सताईंनी भर घालावी.

बीआयएचएसच्या (ब्रिटन-आयर्लंडची रक्तदाबविषयक संस्था) यादीतलं, दंडावर बांधायचं मशीन. मनगटाचं नको. तीन मापांचे पट्टे जवळ ठेवा. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की आकडा फुगतो, हे सगळ्यांत जास्त होणारं. आधी नाडी हाताने बघा. ठोके अनियमित लागले तर स्वयंचलित मशीनवर विश्वास ठेवू नका, जीपीची चिठ्ठी द्या. ठोक्यातला तो घोळ हीच कदाचित त्या दिवसाची सगळ्यांत मोठी सापडलेली गोष्ट असेल.

माणूस पाच मिनिटं बसलेला हवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, दंड हृदयाच्या उंचीला, खाली टेबल किंवा उशी. अर्ध्या तासात चहा-सिगारेट नाही, लघवी तुंबलेली नाही. ढोलाजवळ टेबल नको. बाही गुंडाळून दंडाला फास बसत असेल तर हात बाहीतून काढा. मोजताना गप्पा नाहीत, आपल्याकडे हे सगळ्यांत अवघड. :) दोनदा मोजा, मध्ये एक-दोन मिनिटं.

गोळी_पुडी
भर घालते. १४०/९० किंवा वर गेलं तर "तुम्हाला बीपी आहे" म्हणायचं नाही. निदान घरच्या किंवा २४ तासांच्या मोजणीवर होतं, तिथे रेषा १३५/८५. चिठ्ठीवर आकडा, तारीख, वेळ आणि पुढचं पाऊल. इंग्लंडमध्ये ४० च्या पुढच्यांचा रक्तदाब बऱ्याच फार्मसी एनएचएसतर्फे (सरकारी आरोग्यसेवा) फुकट मोजतात, त्या दोन-तीन फार्मसींची नावं चिठ्ठीमागे छापा. ४० ते ७४ मधल्यांनी दर पाच वर्षांनी एनएचएस हेल्थ चेक मागावा. १८०/१२० किंवा वर आलं तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तसंच असेल तर त्याच दिवशी वैद्यकीय सल्ला, १११ ला (एनएचएसचा सल्ल्याचा नंबर) फोन टेबलावरूनच लावून द्या. छातीत दुखतंय, बोलणं अडखळतंय, नजर धूसर, यांतलं काही असेल तर थेट ९९९ (आणीबाणीचा नंबर).

आणि त्या टेबलावर औषध बदलायचा सल्ला कुणीही देऊ नये, डॉक्टर सभासदांनीसुद्धा. विशेषतः चतुर्थीच्या उपासाला ग्लिक्लाझाइड (मधुमेहाची गोळी) किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना "आजची गोळी सोडा" असं परस्पर सांगणं धोक्याचं, तसंच काही न सांगणंही. उपासात साखर उतरू शकते, उपासाआधी जीपीशी किंवा डायबिटीसच्या नर्सशी बोला, हे वाक्य भिंतपत्रकावर मराठीत हवं.

थेम्सकाठ
आई-वडील सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले असतात, त्यांचा रक्तदाब २०० निघाला तर? गणपतीत हॉल त्यांनीच भरलेला असतो.

लिमलेट
इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव नोंदवणं आणि तपासून घेणं कुणालाही फुकट आहे, पाहुण्यांनाही. तीन महिन्यांहून कमी राहणार असतील तर तात्पुरती नोंदणी. रिसेप्शनवर "व्हिसा दाखवा" म्हणाले तर नम्रपणे सांगा की नोंदणीला व्हिसाचा कागद बंधनकारक नाही. आणीबाणीत ए अँड ईमधले (रुग्णालयाचा अपघात व तातडीचा विभाग) उपचार फुकट, पण वॉर्डात दाखल केलं की मीटर सुरू, पाहुण्यांना ठरलेल्या दराच्या दीडपट. विम्यात जुना रक्तदाब लपवला असेल तर दावा फेटाळतात. म्हणून हे वाक्यही पत्रकात: विमा घेताना जुने आजार लिहा, भारतातली औषधं मुक्कामभर पुरतील एवढी आणा, आणि प्रिस्क्रिप्शनवर जेनेरिक नाव लिहून आणा. ब्रँडचं नाव इथे कुणी ओळखत नाही.

कोपरखळी
आणि नावनिशीची वही? आमच्या कमिटीला "३०० जणांची तपासणी" असं पेपरात द्यायचं असतं.

वडाची_पारंबी
वही ठेवूच नका. आरोग्याची माहिती इथल्या कायद्यात खास संरक्षणाची. आकडा त्या माणसाच्या चिठ्ठीवर, चिठ्ठी त्याच्या खिशात. तुमच्याकडे फक्त मोजणीच्या रेघा: इतके आले, इतक्यांना चिठ्ठी दिली. महिन्याने फोन करायचा असेल तर वेगळी लेखी संमती आणि फक्त नाव-नंबर. चिठ्ठी दिलेल्यांपैकी किती जण जीपीकडे पोचले, हा आकडा ३०० पेक्षा कामाचा, पेपरात मात्र छापून येणार नाही.

विदर्भी_ऊन
हाच मुद्दा तिकडेही. ट्रस्टकडून अहवाल मागताना "किती तपासले" विचारू नका. पॉझिटिव्ह किती, त्यांतल्या किती जणांची एचपीएलसीने खात्री झाली, एसएस किती, आणि सहा महिन्यांनी किती जण हायड्रॉक्सीयुरिया घेतायत, हे चार आकडे मागा. मुलांची नावं आणि फोटो अजिबात मागू नका. वाहक मुलीचं नाव गावात फुटलं की तिचं लग्न मोडतं, हे तिथल्या समुपदेशकांना रोज निस्तरावं लागतं.

जाता जाता: गडचिरोलीकडचे कुणी तुमच्या टेबलावर आले आणि सिकलसेलचे वाहक असतील, किंवा सिंधी, गुजराती सभासदांत थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर काही पद्धतींत एचबीए१सी चुकीचा येतो. जीपीला तसं सांगायला सांगा.

थेम्सकाठ
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. कमिटीपुढे ठेवायचा मसुदा:

टेबल दोनच. पहिल्यावर रक्तदाब, समोर पाच खुर्च्या म्हणजे रांगेतच पाच मिनिटं बसणं होईल. दुसऱ्यावर सात प्रश्न, टेप, वजनकाटा, पडदा. बोट टोचणं रद्द. जागा ढोलाच्या विरुद्ध टोकाला. चिठ्ठी द्विभाषिक. वही नाही. दोन पेट्या, दोन्हींवर 'हे शक्य न झाल्यास'चं दुसरं वाक्य. ट्रस्टला या आठवड्यात ईमेल: प्रमाणपत्र, एफसी-४, आणि "फट कुठे आहे?" मशीनचा विषय त्यांचं उत्तर येईपर्यंत बंद.

नाचणीसत्व
आणि टेबलावर एक वाटी मीठ ठेवा, ६ ग्रॅम मोजून. साधारण एक सपाट चहाचा चमचा, मोठ्या माणसाची दिवसभराची इथली कमाल मर्यादा. शेजारी पापड, लोणचं, फरसाण आणि एक पाव. काही बोलायला लागत नाही, लोक आपणहून भांडायला लागतात.

हिशेबनीस
मसुद्यात एक राहिलं. मंडळाच्या पब्लिक लायबिलिटी विम्यात आरोग्य तपासणी येते का, हे विमा कंपनीला लेखी विचारा. बऱ्याच पॉलिसींत वैद्यकीय काम वगळलेलं असतं आणि नर्सताईंचा नोकरीचा विमा हॉलमध्ये लागू होत नाही. उत्तर यायला वेळ लागतो, आजच ईमेल टाका.